जी.आर. निघतो मुंबईत, लेकरू आजारी पडतं पालात



गायरानावरचं अतिक्रमण काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न सरकारदरबारी महसूल खात्याचा धरला जातो. तलाठी येतो, मंडल अधिकारी येतो, तहसीलदाराची नोटीस येते. आरोग्य खात्याला कोणी विचारत नाही. आम्ही म्हणतो, विचारलं पाहिजे. आणि ते विचारणारी पोरं-पोरी आपल्याच वस्त्यांतून तयार झाली पाहिजेत.

काही जुने साथी म्हणतात, "आपली लढाई जमिनीची. वजनकाटा घेऊन काय करायचं? ते संस्थावाल्यांचं काम." त्यांचा मान राखून आम्ही सांगतो, कायदा कागदावर असला तरी त्याचा मार अंगावरच बसतो.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बघा. त्याच्याच पायी सोलापुरात सेटलमेंट झालं, तारेचं कुंपण पडलं, हजेरी लागली. १९५२ साली ती तार निघाली. पण डांबून ठेवल्यानं माणसांच्या तब्येतीचं काय झालं, याचा हिशेब कोणी केला? पुढं १९७२ ला वन्यजीव कायदा आला. १९७९ ला माळढोकाचं अभयारण्य झालं. जनावरं, पाखरं जगावीत हे आम्हालाही पाहिजे. पण पारध्याच्या ताटातला ससा, तितर, लावा गेला, त्याच्या जागी काय आलं? बाळंतिणीला काय मिळालं? हे त्या वेळी कोणी विचारलं नाही.

आता गायरानाचं घ्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या जी.आर.नं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं कायम करायची म्हटलं. मग २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग निकाल आला आणि १२ जुलै २०११ ला राज्याचा जी.आर. निघाला, अतिक्रमणं काढा म्हणून. त्याच निकालात अपवादही सांगितलाय. सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना असेल, तर कायम करता येतं. हा अपवाद गावात कोणी वाचून दाखवत नाही.

नोटीस आली की साखळी सुरू होते. घराची नोंद नाही, म्हणून नळ नाही. नळ नाही, म्हणून ओढ्याचं पाणी. त्या पाण्यानं लेकराला जुलाब. वस्ती उठली की अंगणवाडीच्या यादीतून नाव जातं, लस चुकते, गरोदर बाईची तपासणी राहते. मग डॉक्टर म्हणतो, "तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही." ही साखळी कागदापासून अंगापर्यंत उलगडून दाखवता येणं, हेच ते प्रशिक्षण.

याची सुरुवात महाराष्ट्रात झालेली आहे. २००७ पासून सरकारी दवाखान्यांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुढं सोलापूर जिल्हाही त्यात आला. गावच्या माणसांनी दवाखान्याला गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. पण त्यात गोळ्या आहेत का, नर्स येते का, एवढंच तपासलं जातं. माणूस आजारी पडला तो कुठल्या धोरणानं, हे तपासायचं राहिलं. थायलंडमध्ये २००७ च्या आरोग्य कायद्यानं लोकांना हक्कच दिलाय, की सरकारी धोरणाचा आरोग्यावर काय परिणाम होईल ते तपासा अशी मागणी करायची आणि तपासणीत भाग घ्यायचा. आपल्याकडं २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम बघतात. त्यात पाणी, दवाखाना, अंगणवाडी, चराई, स्मशान सगळं येतं. पण गायरानावरून उठवणं म्हणजे संपादन नव्हे, म्हणून आपल्याला तेवढंही नाही.

शिकायचं काय? पहिलं, जी.आर. वाचणं आणि त्यातला अपवाद शोधणं. दुसरं, वस्तीचं रजिस्टर. पाणी किती लांब, बाळंतपण कुठं झालं, कोणाला लस मिळाली, कोण दगावलं. तिसरं, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांचा दंडघेर. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर लेकरू अतिकुपोषित. चौथं, हे सगळं ग्रामसभेत उभं राहून मांडणं.

यात वेळेला महत्त्व आहे. वस्ती उठण्याआधीचे आकडे नसतील, तर उठवल्यानं नुकसान झालं हे कशाच्या जोरावर दाखवणार? म्हणून मोजणी आत्ता पाहिजे, जेसीबी आल्यावर नाही.

एक भीती खरी आहे. आपण केलेली यादीच अतिक्रमणाची यादी म्हणून वापरली तर? म्हणून रजिस्टर वस्तीतच राहील, बाहेर जातील ते नुसते आकडे, नावं नाहीत. आणि लेकराच्या लसीच्या कार्डावर वस्तीचं नाव असेल तर ते कार्ड जपून ठेवा. आपण इथं राहत होतो, हे सांगणारा तोही एक सरकारी कागद आहे.

आमची मागणी साधी आहे. आरोग्यावरचा परिणाम तपासल्याशिवाय एकही वस्ती उठवायची नाही. आणि तपासणारात वस्तीची माणसं पाहिजेत. येत्या बैठकीत प्रत्येक वस्तीनं दोन नावं द्यावीत, त्यात एक बाई असावी. बारावी पास पाहिजे असं काही नाही. वाचता येणारं एक आणि वस्तीतली घरं न् घरं माहीत असलेलं एक, एवढं पुरे.

जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!