पांढऱ्या गावातली साखर

काय दोस्तांनो, पायांत चपला घातल्यात ना? आज खूप चढायचंय!

परवा डब्याच्या सुट्टीत आमच्या चौथीतल्या एका मुलाने पोळीसोबत काकवी आणली होती. बोटं चाटत त्याने विचारलं, "बाई, काकवी फक्त आपल्याकडेच करतात का हो?" मी म्हटलं, "नाही रे, स्पेनमध्ये एक गाव आहे, तिथेही करतात." झालं! सगळा वर्ग म्हणाला, "बाई, चला ना तिकडे!" आता मी तरी कुठे स्पेनला गेलेय? पण नकाशा आणि पुस्तकं आहेत की आपल्यापाशी. चला तर.

नकाशात युरोपचा नैर्ऋत्य कोपरा पाहा. तो स्पेन. त्याच्या दक्षिणेला आंदालुसिया प्रांत. तिथे भूमध्य समुद्रापासून पाच-सहा किलोमीटर आत, डोंगराच्या उतारावर आहे फ्रिहिलियाना. नाव म्हणताना जीभ अडखळली ना? दोनदा म्हणा, जमेल.

गाडी खालीच सोडायची. जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की पायीच जावं लागतं. पायऱ्या, वळण, पुन्हा पायऱ्या! पायांखाली गोट्यांची फरसबंदी, दारांशी फुलांच्या कुंड्या आणि दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र घरं.

पांढरीच का बरं? उन्हाळ्यात तिथे कडक ऊन पडतं. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे घर गार राहतं. शिवाय चुना जंतूही मारतो. चुनखडी भट्टीत भाजली, की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घालून तो भिंतीला लावायचा. मग तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो! म्हणजे भिंतीवर दगडाचा पातळ पापुद्राच चढतो.

आता जरा थांबा. दम लागलाय ना? भिंतीवर ही चिनीमातीची फरशी दिसतेय? अशा बारा फरशा गावात लावल्यात. त्यांवर गावाची गोष्ट लिहिलीय.

हा भाग कित्येक शतकं मुसलमान राजांकडे होता. १४९२ साली ग्रानादाचं राज्य ख्रिस्ती राजाराणीने जिंकलं. पुढे मुसलमानांना धर्म बदलायला लावलं. धर्म बदललेल्या या लोकांना मोरिस्को म्हणत. १५६७ साली राजा दुसरा फिलिप याच्या हुकुमाने त्यांच्या अरबी भाषेवर आणि पोशाखावरही बंदी आली. विचार करा, उद्या कुणी म्हणालं, "आईशी मराठीत बोलायचं नाही," तर?

मोरिस्कोंनी बंड केलं. १५६९ साली या गावामागच्या डोंगरावर मोठी लढाई झाली. मोरिस्को हरले. खूप माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही होती. वाचलेल्यांना घरदार सोडावं लागलं. ज्यांच्या पूर्वजांनी या गल्ल्या वसवल्या, त्यांनाच तिथे जागा उरली नाही. पुढे १६०९ ते १६१४ या काळात तर मोरिस्कोंना स्पेनमधूनच हाकलून दिलं.

मला त्या गावाचं एक आवडतं. ही गोष्ट त्याने लपवली नाही. येणाराजाणारा वाचेल अशी भिंतीवरच लावली.

बरं, भूक लागली असेल. खाली उतरू या. ही मोठी जुनी इमारत म्हणजे काकवीचा कारखाना. युरोपात असा हा एकच, असं म्हणतात. या किनाऱ्यावर ऊस आणला अरबांनी. उसाची शेवटची मोठी तोडणी तिथे २००६ साली झाली, पण काकवीची आवड सुटलेली नाही. तळलेल्या वांग्याच्या कापांवर काकवीची धार सोडून खातात. नाक मुरडू नका, खाऊन तर बघा!

आणि आता खरी गंमत. साखरेला स्पॅनिशमध्ये 'असूकार' म्हणतात. हा शब्द अरबी 'अस्सुक्कर'वरून आला. अरबीत तो फारसीतून गेला आणि त्याचं मूळ आहे संस्कृत 'शर्करा'. आपली 'साखर'ही त्याच घरची! ऊस, शब्द आणि माणसं असा केवढा प्रवास करून तिथे पोचली. राजाने अरबी बोलायला बंदी केली खरी, पण त्याच्या स्वतःच्या भाषेतली साखर मात्र अरबीच राहिली. माणसांना हाकलता येतं, पण त्यांनी शिकवलेलं हाकलता येत नाही.

संध्याकाळ झाली. वरून दूरवर समुद्र चमकताना दिसतोय. परतू या आता.

घरचा अभ्यास सांगू? आज स्वयंपाकघरातले पाच शब्द निवडा. ते मूळचे कुठले, ते आजी-आजोबांना विचारा, शब्दकोशात शोधा. कुणाकुणाचं बोट धरून ते आपल्या घरात आलेत, ते पाहा. आईबाबांनीही शोधायला बसावं बरं का!

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या बाई