टाचदुखी आणि दुकानातले स्टूल

कापडाच्या धंद्यात पूर्वी गादी होती. पांढऱ्या चादरीवर मालक बसे, सेल्समन बसे आणि गिऱ्हाईकही बसे. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये ही रीत आजही पाहायला मिळते. किरकोळ दुकानांत मात्र काउंटर आला, पायाखाली गुळगुळीत लादी आली आणि बसायला खुर्ची उरली ती फक्त मालकाला. सेल्समन सकाळपासून रात्री शटर पडेपर्यंत उभा. मग तो टाच दुखते म्हणतो आणि आपण म्हणतो, कामचुकार आहे!

तकलीफ खरी आहे. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. त्यावर सतत ताण पडला की टाचेपाशी तो दुखू लागतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. सकाळी बिछान्यातून उठून टाकलेले पहिले पाऊल सुरीसारखे लागते. चार पावले चालले की बरे वाटते आणि दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी पुन्हा तेच. आमच्या पाली-उत्तनकडे धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या, बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनाही तासन्‌तास उभेच राहावे लागते. लोक एक्स-रे काढतात, हाड वाढले म्हणून घाबरतात. पण वाढलेले हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडते. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतले तर तो पट्टा तुटण्याचा धोका असतो.

खरा उपाय बिनपैशाचा आहे, म्हणूनच कदाचित कोणी मनावर घेत नाही. सकाळी जमिनीवर पाय टेकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, बोटे हाताने नडगीकडे ओढावीत, दहा मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरा व्यायाम जरा मेहनतीचा आहे. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर बोटांखाली ठेवायची (आपला सोलापुरी टॉवेल उत्तम!) आणि आधाराला हात धरून एका पायावर टाच उचलायची. वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद थांबायचे, खाली यायला तीन सेकंद. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा, आणि जमेल तसे पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचे. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर केलेली याची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे होते, वर्षाअखेर मात्र दोघे सारखेच. म्हणजे धीर हवा, महिने लागतात. पाय बधिर असेल, सूज असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

पण सकाळी दहा वेळा बोटे ओढायची आणि मग दहा-बारा तास लादीवर उभे राहायचे, याला काय अर्थ? केरळमध्ये कोझिकोडच्या विजी यांनी दुकानांतल्या बायकांना घेऊन बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथला दुकाने कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच कलम ४४ खाली उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय सांगितली होती. तरी भिवंडीच्या लूमवर आजही कारागीर पाळीभर उभाच दिसतो.

व्यापारी बंधू म्हणतील, सेल्समन बसला तर गिऱ्हाईकाला आळशी वाटेल. गादीवर बसलेल्या सेल्समनकडून आपल्या वाडवडिलांनी ठाणच्या ठाण विकले, तेव्हा कोणते गिऱ्हाईक परत गेले? दहा वर्षांचा अनुभवी माणूस, ज्याला पोत हाताने कळतो, तो टाचेपायी काम सोडून गेला तर नव्याला शिकवायला दोन सीझन जातात. त्या हिशेबात काउंटरमागचे स्टूल आणि पायाखालची रबरी चटई फार स्वस्त पडते. रमजान ईदची गर्दी सुरू व्हायच्या आधीच ती आणून ठेवावीत, कारण त्या दिवसांत कोणालाच फुरसत नसते.