गीझर बदलताना खर्चाचा क्रम

थंडीची चाहूल लागली, की पालेगावातील सदनिकांत जुन्या गॅस गीझरचा विषय निघतो. ज्येष्ठांच्या घरी तो बदलताना केवळ किंमत पाहू नये. बंद स्नानगृहात ज्वलनाला हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून टाकीचा विजेचा गीझर बरा. अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीआधी अर्थिंगची तपासणी, विद्युतगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, सुरक्षा झडप आणि जोडणीची मजुरी मांडावी. वीजबिलाचा हिशेब सोपा आहे: २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास तापला, तर १ युनिट. पैसे कमी पडल्यास २५ लिटरऐवजी १५ लिटरची टाकी घ्यावी. बादलीभर स्नानाला ती पुरते. अर्थिंगमध्ये मात्र काटकसर नको.