सबर म्हणजे हक्क सोडणे नव्हे

नंदनवनात आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका माजी हवालदाराचा अपंगत्व पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला. पत्रात एकच कारण : आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. चाचा म्हणाले, "जाऊ द्या, अल्लाहची मर्जी." मला हे पटले नाही.

दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा न्यायाचा जुना नियम. मग सैनिकाला सूट का? कारण भरतीच्या वेळी लष्कराच्याच डॉक्टरांनी त्याला तपासून धडधाकट ठरवलेले असते. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हेच सांगितले : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत जडला असे धरावे, तसे नाही हे सरकारने सिद्ध करावे. सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

नकार आल्यावर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, तेही फेटाळले तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत आधी मागून घ्यावी. सगळा वाद तिच्यावरच उभा राहतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी.

आपण हक्कुल इबाद म्हणतो, म्हणजे माणसाचे माणसाकडे असलेले देणे. ते माफ करण्याचा अधिकार चाचांना आहेच. पण नियम ठाऊक नसल्यामुळे बुडालेले देणे ही माफी नव्हे. चाचांनी आधी अपील करावे.