भुताचा सातबारा

गेल्या शनिवारी संध्याकाळच्या खेळाला आम्ही एक भयपट पाहिला. नाव सांगत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि तो सोमवारी गेलाच. मध्यंतराच्या जरा आधी नायिका पांढऱ्या साडीतल्या बाईमागून तळघरात उतरते, बाई वळते, पडदाभर तिचा चेहरा येतो आणि आमच्या मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘अगं, विग सरकलाय.’ पुढची दहा मिनिटे प्रेक्षागृह खदखदत होते. विनोदी चित्रपट फसला तर लोक गप्प बसतात, कौटुंबिक फसला तर डुलक्या काढतात. भयपट फसला की तेवढा कोणालाही न विचारता विनोदी होऊन बसतो. पण त्या हसण्यात मजा नसते. रात्रीची झोप उडवून घ्यायला पदरचे पैसे मोजून आलेल्या माणसाला खुर्चीतच झोप लागत असेल, तर त्याने तक्रार कुठे करायची?

गोष्ट अशी : मुंबईचे एक जोडपे कोकणात दोन एकर आगरासह जुना वाडा मातीमोल भावात घेते. (शेतकरी असल्याचा दाखला त्यांनी कुठून आणला, हा प्रश्न आम्ही गिळला.) डोंबिवलीत वन रूम किचन घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढणारा मुंबईकर इथे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कोणाचे नाव आहे, हेही पाहत नाही. ठीक आहे, तेही मान्य. भुताच्या गोष्टीत माणसांनी मूर्खपणा केल्याशिवाय भुताला काम मिळत नाही.

अडचण भुताची होती. ती बाई आधी विहिरीत ढकललेली नवरी असल्याचे कळते. मग ती आरशात राहते. मध्यंतरानंतर तिच्यावर कोणा मांत्रिकाची सत्ता असल्याचे निघते. एका प्रसंगात ती भिंतीतून आरपार येते आणि पुढच्याच प्रसंगात आतून कडी लावलेल्या दारावर चार मिनिटे धडका मारत राहते. आमच्या शेजारी दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. तिने विचारले, ‘पण तिला भिंतीतून येता येतं ना?’ आई म्हणाली, ‘गप बस, बघ.’ थोड्या वेळाने पुन्हा : ‘तिला हवंय काय पण?’ पटकथा लिहिणाऱ्यांच्या बैठकीत हे दोन प्रश्न कोणी विचारले नसावेत. किंवा विचारणाऱ्यालाही असेच गप्प बसवले असावे.

आपल्याकडची जुनी भुते कायद्याने वागणारी होती. मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा मुंजा होणार. त्याचा पत्ता पिंपळ. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. तिची पावले उलटी. गिऱ्हा पाणी सोडून येत नाही. चकवा तर कोणाला बोटही लावत नाही, नुसता फिरवतो. रात्रभर चाललेला माणूस पहाटे बघतो तर तोच बांध. कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवचाराला त्याचा मान वेळेवर पोचला की तो गावाची राखण करतो. प्रत्येकाची हद्द ठरलेली, तक्रार ठरलेली, उतारा ठरलेला. भीती वाटायची ती त्यामुळेच. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाऊ नकोस, हे आजीने सांगून ठेवलेले असायचे. म्हणून नेमके पिंपळाखालीच पाय जड व्हायचे. ज्याला काहीही करता येते त्याला भ्यायचे कुठे आणि केव्हा, हेच समजत नाही.

‘तुंबाड’मधला हस्तर सोने देतो, पण भुकेला आहे तो अन्नाचा. कणकेची बाहुली टाकायची, तो खाण्यात गुंतला असेल तेवढ्यात त्याच्या लंगोटातली नाणी काढायची, पिठाच्या रिंगणाबाहेर पाऊल टाकायचे नाही. नियम संपले. नंतर कोणाला हाव सुटली की काय होईल, हे प्रेक्षक स्वतःच मनाशी मांडतो आणि दिग्दर्शकाच्या आधी घाबरतो. राही बर्वे यांच्या डोक्यात हे बी पडले ते नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेल्या नारायण धारपांच्या एका कथेतून. पुढे खऱ्या पावसासाठी पावसाळ्यांची वाट पाहत चित्रीकरण झाले. 2018 मध्ये आलेला हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेहून जास्त कमावून गेला.

रामसे बंधूंना नाके मुरडणाऱ्यांनीही एक गोष्ट कबूल करावी. गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, अर्जुन संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला असा तो घरगुती कारखाना होता. ‘दो गज जमीन के नीचे’साठी 1972 च्या सुमारास सगळा लवाजमा महाबळेश्वरला नेऊन त्यांनी काम उरकले. रबरी मुखवटे, हिरवे-तांबडे दिवे, मधेच विनाकारण स्नानगृह. हसू तेव्हाही यायचे. पण ‘पुराना मंदिर’मधल्या सामरीचे मुंडके एकीकडे आणि धड दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र आली की संपले, हे खालच्या वर्गातल्या शेवटच्या बाकड्यावरच्या पोरालाही ठाऊक असायचे. पेटीच्या झाकणाला कोणी हात लावला की ते पोर ओरडायचे.

आताच्या चित्रपटांकडे पैसा आहे, संगणक आहे, आणि त्याहून घातक म्हणजे चारी भिंतींतून येणारा ध्वनी आहे. पाच सेकंद शांतता, मग कोणीतरी पिंप आपटल्यासारखा आवाज. परवाच्या चित्रपटात हा प्रकार आम्ही सोळा वेळा मोजला. त्यात दोनदा मांजर होते आणि एकदा नवरा. माणूस दचकतो, नाही असे नाही. तो कुकरच्या शिट्टीनेही दचकतो. 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये निर्जन रस्त्यावर बाई एकटी चालते आहे, मागची पावले थांबली आहेत, आणि एकदम फिस्कारत येते ती बस. त्या बसआधीची चाल सोडून नुसती बस उचलली, ती अजून सोडवत नाही.

रामगोपाल वर्मांनी 2008 मध्ये ‘फूंक’ थिएटरात एकट्याने बसून पाहणाऱ्याला पाच लाख रुपये देऊ केले होते. तेव्हा ती जाहिरातबाजी वाटली. आता पटते. परवाचा चित्रपट एकट्याने, हसायला सोबत नसताना, शेवटपर्यंत पाहणाऱ्याला तेवढी भरपाई वाजवीच ठरेल.

शेवटी मांत्रिकाच्या नातवाने मोबाइलवरून मंत्र वाचून बाईला जाळले. (वाड्यात रेंज नसल्याचे पहिल्या अर्ध्या तासात तीनदा सांगून झाले होते.) दिवे लागले. जिन्यात ती मुलगी आमच्या पुढेच होती आणि तिचे अजून चालू होते, ‘पण आई, ती विहिरीतून इतकी वर्षं बाहेर का नाही आली?’ आई दोन पायऱ्या काही बोलली नाही. मग आवाज उतरवून म्हणाली, ‘अगं, रोज संध्याकाळी कुणीतरी त्या विहिरीवर दिवा लावत असणार. कोण लावायचं, ते त्या दोघांनी विचारलंच नाही.’ मुलीने आईचा हात धरला. मागून येणारी मंडळी घाई करत होती. आम्ही मात्र कठड्याला टेकून जरा हळूच उतरू लागलो.