उपनगरांतील महाविद्यालये कोणाला उत्तरदायी?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही महाविद्यालयात गेले की ‘ध्येय आणि मूल्ये’ सांगणारा फलक हमखास दृष्टीस पडतो. १९९४ साली ‘नॅक’ची स्थापना झाली, मूल्यांकनाची पथके येऊ लागली आणि असे फलक वाढले. ज्ञान, चारित्र्य, सर्वांगीण विकास, समाजाची सेवा! या शब्दांविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, यातील ‘समाज’ नेमका कोणता, आणि ध्येय सिद्धीस गेले नाही तर जाब विचारण्याचा अधिकार कोणाला?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या संदर्भात या प्रश्नाला निदान एक उत्तर आहे. ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ च्या अहवालात अशा महाविद्यालयांचा पुरस्कार केला. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आराखड्यात त्यांना उच्च शिक्षणाच्या रचनेत पक्के स्थान दिले. तेथे महाविद्यालयांचा ‘डिस्ट्रिक्ट’ असतो, त्याचे विश्वस्त परिसरातील मतदार निवडतात आणि स्थानिक मालमत्ता कराचा काही भाग त्याच्या वाट्याला येतो. प्रवेशाचे दार सर्वांना खुले असते व पहिली दोन वर्षे तेथे पूर्ण करून विद्यापीठात जाता येते. तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे, कारण प्रवेश घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण पदवीपर्यंत पोहोचत नाहीत. परंतु महाविद्यालय हे त्या टापूचे आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य केलेली आहे.

मुंबईच्या उपनगरांना ही कल्पना अगदीच परकी वाटावयास नको. जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ महाविद्यालय १९३० साली सर मोहम्मद युसुफ यांच्या देणगीतून, पण सरकारी महाविद्यालय म्हणून उभे राहिले. पार्ल्यात टिळकांच्या निधनानंतर वर्षभरात, १९२१ साली, नागरिकांनी शाळा काढली आणि त्याच संस्थेने १९५९ मध्ये महाविद्यालय सुरू केले. घाटकोपरला झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ मध्ये, तर मुलुंडला वझे महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले. देणगीदार वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या. पण वस्तीतील मुलांना रोज चर्चगेट वा बोरीबंदर गाठावे लागू नये, ही गरज सर्वांचीच होती. शहरात डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. वेळापत्रक हाच तेथे मूल्यांचा फलक होता.

पुढे काय झाले? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एकाच इमारतीत दोन महाविद्यालये नांदू लागली. एक अनुदानित बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे, आणि दुसरे व्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान, लेखा व वित्त अशा विनाअनुदानित अभ्यासक्रमांचे. दुसऱ्याचे शुल्क पहिल्याच्या कितीतरी पट. बाजारात मागणी दुसऱ्याला, म्हणून संस्थेचे लक्षही तिकडेच. पहिल्या महाविद्यालयात रिक्त जागांवर तासिका तत्त्वावरील अध्यापक, आणि तेही पुढील वर्षी असतील की नाही याची त्यांनाच शाश्वती नाही. अनुदान गोठविणाऱ्या शासनाला याची जबाबदारी झटकता येणार नाही.

परंतु शुल्कापेक्षाही मोठी किंमत वेळेची आहे, आणि अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही ती ओळखील. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये, मुलुंडच्या मॉलमध्ये किंवा घरपोच सामान पोहोचविण्याच्या कामावर असलेल्या तरुणाच्या दृष्टीने शिक्षणाचा खरा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी. त्याला विद्यापीठाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम गाठतो. दुपारपाळी असेल तर निभावते. सकाळची पाळी लागली की नाव कमी होते, नाहीतर खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र आणावे लागते. विद्यार्थ्याला लबाडी शिकविणारी ही मूल्ये फलकावर मात्र लिहिलेली नसतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय केली आहे. कल्पना वाईट नाही. मात्र परतण्याच्या वेळी सायंकाळचा वर्गच नसेल, तर ही सोय म्हणजे गळतीलाच दिलेले प्रतिष्ठित नाव ठरेल. बाहेर पडण्याचा मार्ग कागदावर आहे. परत येण्याचा मार्ग वेळापत्रकात असावा लागतो. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अनेकांना आधार दिला आहे, हे खरे. तथापि पुस्तके घरी पाठविणे हा वर्गाला पर्याय होत नाही, विशेषतः ज्या घरात अभ्यासाला कोपराच नाही तेथे.

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. एवढ्या जिल्ह्याच्या उच्च शिक्षणाचा स्वतंत्र विचार करणारी निवडून आलेली संस्था नाही. दर ५ वर्षांनी विद्यापीठ जो बृहत् आराखडा करते, तो पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा. महाविद्यालयाच्या पातळीवर २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विकास समिती आणली आणि तीत ४ स्थानिक सदस्य ठेवले. पण त्यांना नेमते संस्थेचे व्यवस्थापनच! ज्याला जाब विचारावयाचा, त्यानेच विचारणारा निवडावयाचा, असा हा प्रकार आहे.

लोकनियुक्त मंडळ आणले तर नगरसेवक आणि त्यांचे पाठीराखे महाविद्यालयात घुसतील, अशी भीती सुशिक्षित वर्गात व्यक्त होते. ती निराधार नाही. पण राजकारणी मंडळी आज शिक्षणसंस्थांच्या बाहेर आहेत, असा कोणाचा समज असल्यास त्याने विश्वस्तांच्या याद्या एकदा नजरेखालून घालाव्यात. खुल्या निवडणुकीने आलेल्या माणसाला निदान पुन्हा लोकांसमोर जावे लागते.

कायद्यात मोठे बदल होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्या ४ जागांपैकी दोन परिसरातील कामगार संघटना व महिला बचत गट यांनी सुचविलेल्या व्यक्तींना द्याव्यात. अनेक महाविद्यालयांनी स्वायत्तता मिळविली आहे; तिचा उपयोग नवे महागडे अभ्यासक्रम काढण्यासाठी होतो, तसा सायंकाळच्या सत्रासाठीही व्हावा, आणि काम करणाऱ्यांच्या उपस्थितीचा नियम विद्यापीठाने वेगळा करावा. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांवरील खर्च होऊनच गेलेला आहे. लागतील ते अध्यापकांचे वेतन, वीज आणि पहारेकऱ्याची एक पाळी. शासनाने या सत्रासाठी प्रत्येक तालुक्यात, म्हणजे कुर्ला, अंधेरी व बोरिवली येथे, आरंभी एकेका महाविद्यालयात पूर्णवेळ अनुदानित पदे मंजूर करावीत, आणि येत्या बृहत् आराखड्यात त्यांची तरतूद नावानिशी दाखवावी.