आजोबांच्या गाडीतला गारवा

मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नकोच. पारा चाळिशी ओलांडून बसलेला आणि दुपारी रस्ते ओस. अशाच एका दुपारी शुक्रवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या वाड्यात डोकावलो. आजोबा, त्यांची आठवीतली नात आणि एक मिस्त्री, तिघंही जुन्या गाडीचं बॉनेट उघडून उभे!

गाडी 1989 सालची, प्रीमियर 118 एनई. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 साली वालचंद हिराचंद यांनी काढली. आणि वालचंद जन्मले कुठं? आपल्या सोलापुरात, 1882 साली! म्हणून आजोबांचा त्या गाडीवर भारी जीव. एसी मूळचाच, कारखान्यातून बसवून आलेला. पण बरीच वर्षं बंद पडलेला.

"आजीला तुळजापूरला न्यायचंय," आजोबा म्हणाले. "या उन्हात तिला सोसत नाही. एसी चालू झाला पाहिजे, आणि तोही मूळचाच!"

आता एसी चालतो कसा, ते पाहू. इंजेक्शन देण्याआधी डॉक्टर हाताला स्पिरिट लावतात, तेव्हा गार का वाटतं? स्पिरिट उडून जाताना हातातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणीही असंच गार होतं. गाडीच्या एसीत हेच काम एक गॅस करतो, फक्त तो उडून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. मग एका बारीक छिद्रातून सुटला, की दाब एकदम कमी होतो, द्रव उकळू लागतो आणि गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. पंखा ती गार हवा आपल्याकडे फेकतो.

मिस्त्रींनी मीटर लावला. नळ्यांत थोडा गॅस शिल्लक होता. "जुना आर-12 हाय. आधी हवेत सोडून देतो. दोन मिनिटांचं काम."

"थांबा की काका!" नात ओरडली. "त्यानं ओझोनचा थर खराब होतो. आम्हाला धडा आहे."

"पोरी, एवढ्याशा गॅसनं काय होतंय?"

"सगळे असंच म्हणाले, म्हणूनच तर झालं ना!"

पोरीचं म्हणणं खरं होतं. आर-12 जळत नाही, विषारी नाही, म्हणून एके काळी सगळ्यांना तो फार गुणी वाटला. पण 1974 साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की असे वायू उंच आकाशात जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोन नष्ट करतो. क्लोरीनचा एकच अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो! हाच ओझोन सूर्याचे घातक किरण अडवतो. 1987 साली माँट्रियलला करार झाला, 1992 साली भारत त्यात सामील झाला. 1995 साली या दोघांना क्रुटझेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आता तो थर हळूहळू भरून येतोय.

आजोबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तुळजापूर पुढच्या आठवड्यात."

मिस्त्रींनी ओळखीतून गॅस काढून घेणारं यंत्र मागवलं. ते यायला चार दिवस लागले. जुना गॅस टाकीत भरताना ते हळूच म्हणाले, "पंचवीस वर्षं मी हवेतच सोडत आलो. कुणी सांगितलंच नाही."

मग खरी दुरुस्ती. नळ्यांत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला. जिथं बुडबुडे, तिथं गळती! रबरी कड्या नव्या घातल्या. ओल शोषणारी डबी बदलली. नव्या आर-134ए गॅसला जुनं तेल चालत नाही, म्हणून तेही बदललं. पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढली, कारण पाण्याचा एक थेंबही आत गोठून वाट अडवतो. मग गॅस वजन करून भरला. हा गॅस ओझोनला त्रास देत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस. म्हणजे गळती याचीही नको!

गारवा पूर्वीपेक्षा थोडा कमीच आला. पण तुळजापूरच्या वाटेवर आजी म्हणाली, "एवढं गार कशाला? काच उघडा जरा!"

करून पाहा : दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर ठेवा. किती अंशांचा फरक पडला, ते मला कळवा. एसीच्या नळ्यांना मात्र हात लावू नका. आतला गॅस अंगावर उडाला, तर कातडी आणि डोळे गोठवतो.